सोनबुडव्याची नाव

चंदाच्या धाकट्या पोराचं जावळ काढलं ते साल दोन हजार एकोणीस. चंदा ही बोरडोहच्या नत्थुजींची नात, अकोल्याला दिलेली. जावळ खरं तर अकोल्यालाच व्हायचं, पण तिच्या आजीला, पार्वताबाईंना, आता गाडीत बसवत नव्हतं. पाय सुजलेले, चार पावलं चाललं की धाप. म्हणून सगळं सामान बोरडोहला आणलं आणि पूर्णेच्या काठावर महादेवाच्या देवळापाशी कणकेचे रोडगे भाजले. अमरावतीच्या डॉक्टरनं नितेशला, म्हणजे नातवाला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की आजीचं हृदय थकलं आहे, जेवढे दिवस आहेत तेवढे खुशीत ठेवा. नितेशनं ते घरी येऊन आजोबांना सांगितलं. नत्थुजी नुसते "बरं" म्हणाले आणि त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत.

पंगत बसली. वांग्याची भाजी, वरण, रोडगा, वर तूप. चंदाच्या सासरकडचे एक म्हातारे पाहुणे जेवता जेवता रंगात आले. रोडगा कुस्करत म्हणाले, "जेवण तं सोन्यावानी झालं बुवा. कावून नाही होणार? सोनबुडव्याची लेक आहे न घरात!"

सगळे हसले. पार्वताबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. पण नत्थुजींची नजर त्यांच्या हाताकडे होती. पणतवाच्या नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून तो हात फिरत होता, तो तिथंच थांबला.

ही सोन्याची गोष्ट पूर्णेच्या दोन्ही काठांवर सगळ्यांना पाठ होती. पार्वताबाईंचं माहेर पल्याडच्या काठावर, पिंपळखुट्याला. त्यांचे वडील चंद्रभानजी शेतकरीच, पण नदीवर पूल नव्हता त्या काळात त्यांच्या घरची मोठी सागवानी नाव होती. माणसं, कापसाची बोचकी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्या नावेतून इकडचं तिकडे व्हायचं. बावन्न साली पावसाळा सरता सरता अवचित पूर आला आणि ती नाव बोरडोहच्या डोहात बुडाली. चंद्रभानजी पोहून काठाला लागले. त्यांचा धाकटा भाऊ श्याम, तोही लागला होता. पण तो वळून परत नावेकडे गेला, आणि गेलाच. लोकांनी विचारलं, बुडत्या नावेकडे कोणी परत जाते का? चंद्रभानजी म्हणाले, "सोनं होतं नावेत." त्यानंतर मरेपर्यंत त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही.

ते बोलत नव्हते, म्हणून लोक बोलायला लागले. कोणी म्हणे सोनं अचलपूरच्या सावकाराचं होतं, कोणी म्हणे देवीचे दागिने होते. कोणी म्हणे, चंद्रभाननं सोनं आधीच उतरवून घेतलं आणि रिकामी नाव बुडवली, भाऊ मात्र फुकटचा गेला. ही शेवटची गोष्ट लोकांना जास्त आवडली. घराला नाव पडलं सोनबुडवे. पार्वताबाई लग्न होऊन बोरडोहला आल्या तेव्हा बायका त्यांच्या अंगावर सोनं शोधत होत्या. गळ्यात डोरलं, बाकी काही नाही. "बापानं दाबून ठेवलं," असं बायका एकमेकींत म्हणाल्या, आणि पार्वताबाईंना ऐकू येईल इतक्या हळू म्हणाल्या.

नत्थुजींनी यावरून एकदा दर्यापूरच्या बाजारात एकाची टोपी उडवली होती. पण बायकोला त्यांनी कधी काही विचारलं नाही, आणि तीही कधी काही बोलली नाही.

जावळाचे पाहुणे गेले. संध्याकाळी पार्वताबाई ओसरीतल्या बाजेवर टेकून बसल्या होत्या. नत्थुजी त्यांच्या पायांना कोमट तेल लावत होते. डॉक्टरनं तेल सांगितलं नव्हतं, पण नत्थुजींना काहीतरी करायचं होतं.

"अजी," पार्वताबाई म्हणाल्या.

"काय वं?"

"एक मांगू का?"

"सारी जिंदगी काही मांगतलं नाही, अन् आता मांगते? मांग. चंद्र सोडून काही बी मांग, माहे गुडघे दुखतात."

"त्या नावेत सोनं होतं का नोहतं, तेवढं मले पाहून द्या."

नत्थुजींचा हात थांबला.

"मी काही कोणाले सांगाले जात नाही. मलेच पायजे. बापानं चोरी केली असन तं तसं सांगा. नसन केली तं तसं सांगा. वर गेल्यावर बाप भेटन, तं कोण्या तोंडानं पाहू त्याच्याकडे? आपल्या बापाच्या बाजूनं एक शबूद बोलता नाही आला मले. बोलू काय? मलेच मालूम नाही."

नत्थुजींनी तेलाची वाटी खाली ठेवली. "पाहून देतो," ते म्हणाले. एखाद्यानं गाय कुठं बांधली ते पाहून येतो म्हणावं, तसं म्हणाले.

त्यांच्या म्हणण्याला आधारही होता. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. बहात्तरच्या दुष्काळातही ज्या डोहाचा तळ कोणी पाहिला नव्हता, तो त्या उन्हाळ्यात आटत आटत तळ्याएवढा झाला होता. मेंढ्या घेऊन गेलेल्या लोकांनी येऊन सांगितलं होतं की गाळातून काळ्या लाकडाच्या बरगड्या वर आल्या आहेत, मेलेल्या म्हशीच्या असाव्यात तशा. फक्त पाऊस यायच्या आत काय ते करायला हवं होतं. आणि पार्वताबाईंचं काही व्हायच्या आत. हे दुसरं नत्थुजी मनातसुद्धा पुरतं म्हणत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते अकोल्याला गेले. मोर्णेचा पूल ओलांडला की जुन्या शहरात त्यांचे स्नेही हरिहर वकील राहतात. नत्थुजींचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा त्यांनी चालवला होता. दावा हरले, पण दोस्ती राहिली. हरिहरांचा मुलगा यशोधन समुद्रात जुनी बुडालेली जहाजं शोधणाऱ्या लोकांत काम करतो. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जातो. मोर्णेच्या काठचा पोरगा समुद्राच्या तळाशी काय करतो, हा त्या गल्लीत कायमचा चर्चेचा विषय. तेव्हा तो सुट्टीवर घरी आला होता.

नत्थुजींनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुमाले समुद्रात सोनं सापडते का, बाप्पा?"

यशोधन हसला. "काका, आम्हाला जास्त करून फुटक्या बरण्या सापडतात. कधी शिशाच्या लगडी. एकदा हस्तिदंत सापडले होते."

"अन् सोनं नसलं तं मंग काय करता?"

"जे असेल ते पाहतो. जहाज कुठून आलं, काय घेऊन आलं, कसं बुडालं. खरं काम तेच असतं."

"मले तेच पायजे," नत्थुजी म्हणाले. "सोनं तुमी ठेवा."

"सोनं कोणीच ठेवायचं नाही," हरिहर आतून चहा घेऊन येत म्हणाले. "नत्थुजी, जमिनीतून धन निघालं तर सरकारला सांगावं लागतं. आधी कळवा, मग खणा. तलाठ्याला तिथं बसवा. नाहीतर या वयात मला तुमचा जामीन घ्यावा लागेल, आणि माझ्या हातून तुम्ही एकदा हरलेले आहातच."

असं करून काम सुरू झालं. ऊन इतकं होतं की उजाडल्यापासून न्याहारीपर्यंतच खणता यायचं, नंतर माती हाताला चटके देई. नितेशनं शेतातलं डिझेल इंजिन आणून डोहात उरलेलं पाणी बांधाच्या पलीकडे उपसलं. यशोधननं नावेच्या भोवती खुंट्या मारून सुतळीचे चौकोन पाडले आणि एकेका चौकोनातला गाळ खुरप्यानं काढायला लावला. निघालेला गाळ तूर चाळायच्या चाळणीत टाकून बादलीच्या पाण्यानं धुवायचा. उघड्या पडलेल्या लाकडावर लगेच ओला बारदाना. "हे लाकूड इतकी वर्षं पाण्यात जगलं," यशोधन सांगायचा, "उन्हात एका दुपारी मरेल." नत्थुजींना हे फार पटलं. बारदाना ओला ठेवायचं काम त्यांनी कोणाला दिलं नाही.

गाव तर रोजच जमायचं. त्यात प्रीतम पुढे. प्रीतमकडे जेसीबी होता, आणि बोरडोहात जेसीबीवाल्याला वाटतं की जगात त्याच्याशिवाय काही होत नाही.

"आबाजी, चमच्यानं नदी खणून राहिले का तुमी?" तो काठावरून ओरडायचा. "माही मशीन लावा, घंट्याभरात तळ दाखवतो."

"अन् नावेचे तुकडे बी दाखवशीन."

"नाव तुटन, सोन्याले काय होते जी? सोनं थोडंच तुटते!"

"तुह्या डोक्यात सोनं घुसलं बे, आता ते कोण्या मशीनीनं निघत नाही."

तलाठी अमोल, नवा पोरगा, बोरीच्या विरळ सावलीत छत्री उघडून बसलेला असायचा. काही निघालंच तर पंचनामा करायला. त्याला वाटलं होतं एका दिवसाचं काम आहे.

दुपारी नत्थुजी घरी आले की पार्वताबाई बाजेवरून विचारायच्या, "काय निघालं आज?"

"आज एक खिळा निघाला."

"सोन्याचा?"

"लोखंडाचा."

"आना इकडे." त्या तो गंजून फुगलेला खिळा तळहातावर ठेवून बघायच्या. "बापानं ठोकला असन. त्याचे खिळे वाकडे जायचे, माय चिडवे त्याले." खिळा खरंच वाकडा होता. नत्थुजींना वाटलं, आता बास करावं, हा खिळा पुरे आहे. पण त्यांनी तिला शब्द दिला होता, आणि खिळ्यानं तिच्या प्रश्नाचं उत्तर झालं नव्हतं.

एकदा त्या म्हणाल्या, "सोनं निघालं तं काय समजायचं?"

"तं काय?"

"म्हणजे बापानं ते काढून घेतलं नोहतं. बरोबर?"

"बरोबर."

"अन् काहीच नाही निघालं तं?"

नत्थुजी खुरप्याला लागलेला गाळ खरवडायला लागले. त्यांना हे आधीच सुचलं होतं आणि तेव्हापासून झोप नीट नव्हती. रिकामी नाव निघाली, तर गावाचंच म्हणणं खरं ठरणार होतं. बायकोला खुशीत ठेवा असं डॉक्टर म्हणाला होता, आणि आपण स्वतःच्या हातानं तिच्या बापाला चोर ठरवायला निघालो आहोत की काय, असं त्यांना पहाटे खुरपं उचलताना वाटायचं.

नावेचा मधला भाग मोकळा झाला, रिकामा निघाला. मागचा भाग मोकळा झाला, तोही रिकामा. काठावरचे लोक कुजबुजायला लागले. प्रीतमनंही चेष्टा बंद केली, आणि ते नत्थुजींना जास्त लागलं. पुढचा निमुळता भाग तेवढा उरला. तिथला गाळ निळसर काळा आणि घट्ट होता, खुरपं रुतून बसायचं. त्या सकाळी नितेशच्या हाताला बांबूची कामटी लागली. मग दुसरी. मग सगळी वीण. एक मोठं डालं होतं, तोंडाला वेलीचा दोर करकचून बांधलेला.

"डालं निघालं! डालं!" काठावरून आरडाओरडा झाला आणि अर्धं गाव चिखलात उतरलं. अमोल तलाठी छत्रीसकट उतरला. यशोधन दोन्ही हात पसरून लोकांना मागे सारत होता. मग त्यानं वाकून दोर न तोडता बाजूची वीण हलकेच उसवली आणि आत हात घातला.

हातात आला तो काळा, ओला, वडीसारखा दाबलेला थर.

यशोधननं वास घेतला, उलटून पाहिलं. "पाला आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "पुरात वाहून आलेला पाचोळा असेल."

लोकांच्या तोंडून एकदम हवा गेल्यासारखं झालं. प्रीतम म्हणाला, "हट!"

नत्थुजी मात्र म्हणाले, "पाचोळा डाल्यात कोण बांधून ठेवते?" त्यांनी त्या थराचा एक तुकडा घेतला आणि बादलीतल्या पाण्यात हळूहळू हलवला. थर सुटला. एकेक पान मोकळं होऊन पाण्यावर तरंगायला लागलं. काळं पडलेलं, पण अख्खं. मधे खाच, दोन्हीकडे दोन गोल पाळ्या. जसं दर वर्षी हातात येतं तसंच.

नत्थुजींनी एक पान बोटावर घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग ते होते तिथं चिखलातच बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, म्हणून नितेश घाबरला.

"आबाजी, काय झालं?"

"वकीलसाहेब," नत्थुजी काठावर उभ्या हरिहरांना म्हणाले, "सोनं निघालं."

हरिहरांनी ते पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आपटा," ते म्हणाले. "दसऱ्याचं सोनं. अरे देवा."

मग एकेकाला कळत गेलं. ज्याला कळे तो हसे, आणि दुसऱ्याला म्हणे, सोनं निघालं रे, सोनं. इकडच्या काळ्या रानात आपटा होत नाही. तो डोंगरातून, मेळघाटातून येतो. दसऱ्याच्या तोंडावर, पानं सुकायच्या आत, अकोल्याच्या बाजारात विकायला नेत असणार. नाव बुडाली तो दिवस कोणाला आठवत नव्हता, तो असा डाल्यातून वर आला. खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस.

अमोल तलाठ्यानं मांडीवर कागद घेऊन लिहायला सुरुवात केली होती. हरिहरांनी वाकून वाचलं, "सोनं, एक डालं," आणि ते किंचाळलेच. "अहो तलाठीभाऊ, पानं लिहा, पानं! आपट्याची पानं लिहा! सोनं लिहिलंत तर संध्याकाळी इथं बंदूकवाले येतील!"

"पण सगळे सोनंच म्हणून राहिले न सर," अमोल म्हणाला.

बंदूकवाले नाही आले, पण बाकी सगळे आले. नावेवर बारदाना टाकून होतो न होतो तोच दर्यापूरच्या बाजूनं धूळ उडाली आणि भाड्याच्या जिपा एकामागून एक काठाशी थांबल्या. टपावरसुद्धा माणसं. कोणी विचारत होतं घडा कुठं आहे, कोणी विचारत होतं देवी निघाली का. एक बाई तर पूजेचं ताट घेऊन आली होती.

नत्थुजींनी प्रीतमला हाक मारली. "फोनवर काय सांगतलं बे तू लोकायले?"

"तुमी म्हणाले तेच सांगतलं. सोनं निघालं म्हणून." प्रीतम रडवेला झाला होता, त्याचे दर्यापूरचे साडूसुद्धा जीप करून आले होते. "खोटं बोललो का मी आबाजी? तुमीच सांगा. खोटं बोललो का?"

नत्थुजी त्याच्याकडे बघत राहिले. शिवी त्यांच्या ओठावर होती, ती तिथंच राहिली. "नाही बाप्पू," ते म्हणाले. "खोटं नाही बोलला तू. तोही नोहता बोलला."

"कोण?"

नत्थुजी तोवर बादली उचलून घराकडे चालायला लागले होते. नितेश मागून ओरडत होता की मी धरतो, पण त्यांनी ती कोणाला दिली नाही.

पार्वताबाई बाजेवर पडूनच होत्या. गावातला गलका त्यांना ऐकू आला होता. नत्थुजी आले, चिखलानं भरलेले, बादलीतलं पाणी धोतरावर सांडलेलं. पार्वताबाईंनी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग बादलीकडे.

"निघालं?" त्यांनी विचारलं.

नत्थुजींनी ओलं पान त्यांच्या तळहातावर ठेवलं. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक दिसत नव्हतं. त्यांनी अंगठा फिरवला. खाचेपाशी अंगठा थांबला.

"हे तं सोनं आहे," पार्वताबाई म्हणाल्या.

"डालं भरून आहे."

नितेश आणि यशोधन दारात येऊन उभे होते. पार्वताबाईंनी यशोधनला जवळ बोलावलं. "बाबू, त्या डाल्यात अजून काही होतं का? शिताफळाच्या बिया?"

यशोधन चमकला. "काकू, डाल्याभोवतीच्या गाळातून चाळणीत बिया आल्या आहेत. काळ्या, चकचकीत. मी काचेच्या बरणीत ठेवल्या आहेत. पण कशाच्या ते मला कळलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

"श्यामकाका डोंगराकडे गेलता," पार्वताबाई म्हणाल्या. "कशाले गेला ते मले कोणी सांगतलं नाही, मी लहान होती. जातानी म्हणाला, मेळघाटातल्या सेमाडोहच्या रानातून तुह्यासाठी शिताफळं आणतो. मी काठावर जाऊन वाट पाहे. मंग तो नाहीच आला." त्या थांबल्या. "आणले होते त्यानं."

नितेशनं बरणी आणून दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली.

"त्यानंच तोडली असन सारी पानं," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या हातानं. पहिला धंदा पोराचा. काठाले लागल्यावर वाटलं असन, एक डालं तरी ओढून आणू. म्हून परत गेला."

"अन् तुह्या बापानं खरं तेच सांगतलं," नत्थुजी म्हणाले. "सोनं होतं नावेत. ऐकणाऱ्यानं दुसरंच ऐकलं. आज प्रीतमनं सारं दर्यापूर आणून दाखवलं मले, असं होते म्हणून."

"मंग बाप बोलला कावून नाही? एक शबदाचं तं काम होतं. पानं होती म्हणाले असते, संपलं असतं." हे त्या नत्थुजींना विचारत होत्या, पण उत्तरही त्यांच्याकडूनच आलं, हळूहळू, आठवत आठवत. "दसऱ्याले कोणी आमच्या घरी सोनं द्याले आलं का बाप उठून वावरात निघून जाये. मले वाटे, चोरीचं सोनं आठवते म्हून जाते. मी त्याले चोर समजली, अजी." त्यांनी पान पुन्हा चाचपलं. "लोक काय म्हणाले असते? पाल्यापायी मेला. येडा होता, पाल्यापायी कोणी जीव देते का. सोन्यापायी गेला म्हटलं का लोक तोंडात बोट घालत, हळहळत. बापानं स्वतःले चोर म्हणवून घेतलं, पण भावाले कोणाले हसू देलं नाही."

नत्थुजी बाजेच्या कडेला टेकले आणि त्यांनी पायाला तेल लावायला घेतलं, चिखलाच्या हातानंच. पार्वताबाई म्हणाल्या, "अजी, हात तं धुवा." मग दोघंही हसले.

पुढे फार काही उरलं नव्हतं. यशोधन म्हणाला, नाव वर काढली तर फाटून जाईल, गाळातच ती सुरक्षित आहे. त्यानं मोजमापं घेतली, फोटो काढले, आणि सगळ्यांनी मिळून ओला बारदाना घालून ती पुन्हा गाळानं झाकून टाकली. या वेळी प्रीतमचा जेसीबी लावला, माती लोटायला, आणि त्यानं तो इतक्या हळू चालवला की लोक म्हणाले, बाळाले पांघरूण घालते का बे. पाऊस आला, पूर्णेला पाणी आलं, डोह भरला.

त्या वर्षी दसऱ्याला पार्वताबाईंनी हट्ट करून बाज ओसरीतून अंगणात आणायला लावली. सोनं द्यायला येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या पाया पडायचा. पायाशी एका बरणीत पाण्यात ठेवलेली काळी पानं होती. त्या प्रत्येकाला ती दाखवून सांगायच्या, "हे माह्या काकानं आणलेलं. श्याम नाव त्याचं." गोष्ट सगळ्यांना माहीत झाली होती, तरी सगळे नव्यानं ऐकत. अकोल्याहून चंदाबरोबर तिच्या सासरचे ते म्हातारे पाहुणेही आले होते. जावळात बोललेलं त्यांना आठवत असणार, कारण ते फाटकाजवळच घोटाळत होते.

"या न, तिकडे कावून उभे?" पार्वताबाईंनी हाक मारली. "सोनं घ्या. आमच्या घरी दोन जातीचं आहे, कोरडं बी अन् बुडालेलं बी. कोणतं देऊ?"

म्हातारे पुढे आले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. वयानं ते मोठे होते, तरी केला. "दोन्ही द्या," ते म्हणाले.

त्या दिवशी पार्वताबाईंनी पणतवाला मांडीवर घेऊन शिताफळ भरवलं, बिया काढून काढून. रात्री नत्थुजींना म्हणाल्या, "आता बाप भेटला तं बोलाले काहीतरी आहे मले." नत्थुजी म्हणाले, "एवढी घाई नको करू वं, त्याले थांबू दे जरासा."

पिंपळखुट्याचा श्याम बावन्न साली खंडेनवमीच्या दिवशी आपट्याची पानं वाचवताना पूर्णेच्या डोहात बुडून वारला. त्याची पुतणी पार्वताबाई दोन हजार एकोणीस साली, कार्तिक पौर्णिमेच्या सकाळी, बारा नोव्हेंबरला, बोरडोहच्या घरी वारली.